बोलणाऱ्यांचे नाव

इंग्रजीत स्लेव्ह, फ्रेंचमध्ये एस्क्लाव्ह, जर्मनमध्ये स्क्लावे, डचमध्ये स्लाफ, इटालियनमध्ये स्क्यावो, स्पॅनिशमध्ये एस्क्लावो, पोर्तुगीजमध्ये एस्क्राव्हो. पश्चिम युरोपातल्या बहुतेक मोठ्या भाषांत गुलामाला एकच शब्द आहे, आणि तो मुळात एका लोकसमूहाचे नाव आहे. ते लोक म्हणजे स्लाव: आजचे रशियन, युक्रेनी, पोलिश, झेक, स्लोव्हाक, सर्ब, क्रोएट, बल्गेरियन, स्लोव्हेन यांचे पूर्वज. एखाद्या गावाचे नाव तिथल्या कापडाला किंवा पेढ्याला मिळते, हे आपल्या परिचयाचे आहे. इथे एका जनसमूहाचे नाव विकल्या जाणाऱ्या माणसाला मिळाले, आणि इतके घट्ट बसले की आज ते उच्चारताना मूळ धनी कोणाला आठवतही नाही.

कोशात ही माहिती दोन ओळींत मावते. मध्ययुगीन लॅटिन ‘स्क्लावुस’, त्याआधीचे बायझंटाइन ग्रीक ‘स्क्लाबोस’, अर्थ स्लाव; पुढे अर्थविस्ताराने गुलाम. ‘अर्थविस्तार’ हा शब्द इथे मला खुपतो. अर्थ आपोआप विस्तारत नाही. कोणाला तरी गावातून ओढून नेले जाते, कोणी तरी त्याची किंमत ठरवतो, कोणी तरी जकात घेतो, कोणी तरी दस्त लिहितो, आणि हे इतक्यांदा घडते की शेवटी लिहिणाऱ्याला ‘स्लाव’ आणि ‘विकाऊ माणूस’ असे दोन वेगळे शब्द लागेनासे होतात. हे पुस्तक त्या दोन ओळींमधल्या काळाचे आहे. विकल्या गेलेल्यांनी स्वतः जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. त्यांच्याबद्दलचा सर्वांत टिकाऊ पुरावा हा शब्दच आहे.

आधी नाव पाहू. स्लाव स्वतःला ‘स्लोव्हेने’ म्हणत. या नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. काहींच्या मते ते एखाद्या नदीच्या किंवा पाणथळ जागेच्या नावावरून आले असावे, कारण त्यातला प्रत्यय सहसा स्थलनामांना लागतो. जुन्या राष्ट्रभक्त लेखकांना ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती या शब्दाशी नाते जोडणे प्रिय होते. पण ज्या मताकडे माझा कल आहे ते असे की हे नाव ‘स्लोवो’ म्हणजे शब्द यावरून आले: स्लोव्हेने म्हणजे शब्दवाले, आपल्याला समजेल असे बोलणारे. या मताला एक भक्कम आधार शेजाऱ्यांच्या नावातून मिळतो. जर्मन लोकांना बहुतेक स्लाव भाषांत ‘नेमेत्स’, ‘निएमिएत्स’ अशी नावे आहेत, आणि त्यांचे मूळ मुका या अर्थाच्या शब्दात आहे. आपण बोलणारे, पलीकडचे मुके. ‘स्लोवो’ मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही. श्रवण, श्रुती, श्रोता यांचा जो धातू तोच त्याचाही. वैदिक ‘श्रवस्’ म्हणजे कीर्ती आणि स्लाव ‘स्लोवो’ ही एकाच घरातली रूपे आहेत. ऐकण्याचा धातू एका बाजूला कीर्तीकडे गेला, दुसऱ्या बाजूला शब्दाकडे.

ग्रीक आणि लॅटिन बोलणाऱ्यांच्या कानावर हे नाव सहाव्या शतकात पडले. प्रोकोपियस आणि योर्दानेस या दोन इतिहासकारांनी ते नोंदवले आहे. त्यांच्या भाषांत कोणताच शब्द ‘स्ल’ या जोडाक्षराने सुरू होत नसे, म्हणून जीभ वळावी यासाठी मध्ये ‘क’ शिरला: स्क्लाबेनोइ, स्क्लावेनी. आपल्याकडे स्टेशनाचे ‘इस्टेशन’ आणि ‘ठेसन’ झाले ते याच गरजेने, आणि स्पॅनिशने ‘एस्क्लावो’ करताना पुढे ‘ए’ लावला तोही असाच. पण त्या काळी या नावात दास्याचा लवलेशही नव्हता. उलट डॅन्यूब ओलांडून बाल्कनमध्ये उतरणाऱ्या स्लाव टोळ्यांची बायझंटाइन साम्राज्याला धास्ती होती, आणि त्या टोळ्या स्वतःच हजारो कैदी पकडून नेत होत्या. ज्या नावाने लोक भ्यायचे तेच नाव चारशे वर्षांनी बाजारातल्या मालाचे झाले.

ही उलथापालथ कळण्यासाठी एका रिकाम्या जागेची गोष्ट सांगावी लागते. रोमन काळी गुलामाला ‘सेर्वुस’ म्हणत. रोमन साम्राज्य ढासळल्यावर पश्चिम युरोपातला ‘सेर्वुस’ हळूहळू बदलला. तो जमिनीला बांधलेला कूळ झाला. त्याला मालक होता, पण झोपडी होती, कुटुंब होते, आणि त्याला जमिनीपासून तोडून परक्या देशी विकणे सोपे राहिले नाही. फ्रेंच ‘सेर्फ’ तिथूनच आला. शब्द आणखी मऊ होत गेला. आज व्हिएन्नात किंवा म्युनिकमध्ये दोन मित्र भेटले की ‘सेर्वुस’ म्हणतात, म्हणजे आपला सेवक. अशा तऱ्हेने जुना शब्द माणसाळला, आणि ज्याला काहीच नाही, ज्याला कुठेही नेऊन विकता येते, अशा माणसासाठी नवा शब्द हवा झाला. तो घडवण्याचे काम दहाव्या शतकाच्या सुमारास जर्मन प्रदेशाच्या पूर्व सीमेवर झाले.

एल्बे नदीच्या पलीकडे तेव्हा स्लाव राहत होते. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि सॅक्सन राजे त्यांच्यावर दर हंगामात स्वाऱ्या करत होते. राजा हाइनरिखच्या 929 च्या सुमाराच्या मोहिमेचे वर्णन कॉर्फाय मठातल्या विडुकिंड या साधूने केले आहे. गाना नावाचा किल्ला वीस दिवसांच्या वेढ्यानंतर पडला. वयात आलेले सगळे मारले गेले. मुले आणि मुली बंदिवासात नेल्या. विडुकिंडला यात विशेष काही वाटलेले दिसत नाही. तो आपल्या राजाचा पराक्रम सांगतो आहे. पण या पुस्तकाच्या विषयाचा गाभा त्या एका वाक्यात आहे, कारण ती मुले पुढे कुठे गेली हे आपल्याला बऱ्याच अंशी ठाऊक आहे.

अशा बंदिवानांची एक वाट पश्चिमेकडे जात होती, फ्रान्समधल्या व्हेर्दांकडे. क्रेमोनाचा बिशप लिउत्प्रांद याने लिहून ठेवले आहे की व्हेर्दांचे व्यापारी मुलांचे खोजे करून त्यांना स्पेनला पाठवतात आणि त्यात अफाट नफा कमावतात. हे तो तटस्थपणे सांगत नव्हता. बायझंटाइन सम्राटाला नजराणा म्हणून त्याने स्वतः असेच चार खोजे नेले होते. व्हेर्दांहून रोन नदीच्या खोऱ्यातून वाट मुस्लिम स्पेनमध्ये उतरे. कॉर्दोबाच्या खलिफाच्या वाड्यात अशा माणसांची मोठी संख्या होती आणि अरबीत त्यांना ‘सकालिबा’ म्हणत. हा शब्दही त्याच ग्रीक नावाचे अरबी रूप आहे. स्पेनमध्ये त्याचा अर्थ आधी स्लाव, मग उत्तरेकडून आलेला कोणताही गोरा गुलाम, आणि पुष्कळदा नुसता खोजा असा होत गेला. लॅटिनमध्ये घडले तेच अरबीतही घडले. एकाच व्यापाराच्या दोन टोकांना दोन भाषांनी एकाच लोकांच्या नावाचे तेच केले, आणि म्हणूनच हा योगायोग नव्हता असे मी म्हणतो.

दुसरी मोठी पेठ प्राग. स्पेनमधल्या तोर्तोसाचा ज्यू प्रवासी इब्राहिम इब्न याकूब 965 च्या सुमारास मध्य युरोपात गेला होता. त्याचे वर्णन पुढे अल-बक्री या भूगोलकाराच्या ग्रंथातून टिकले. प्राग दगडचुन्याने बांधलेले, व्यापाराने भरभराटलेले शहर आहे, आणि व्यापारी तिथून गुलाम, कथील आणि केसाळ कातडी नेतात, असे तो सांगतो. गुलाम, कथील, कातडी: यादीत तिन्ही एकाच दमात येतात. प्रागचा बिशप वोइतेख, ज्याला पुढे संत आदालबेर्त म्हणून मान मिळाला, या विक्रीने अस्वस्थ झाला होता. पोलंडमधल्या ग्निएझ्नो शहराच्या कॅथीड्रलला बाराव्या शतकातले ओतीव काशाचे दोन दरवाजे आहेत. त्यांवर अठरा चौकटींत या संताचे चरित्र कोरले आहे. एका चौकटीत तो राजासमोर उभा राहून बेड्या घातलेल्या माणसांची सुटका मागतो आहे. स्लाव गुलामांचे युरोपातले इतके जुने आणि इतके सहानुभूतीचे चित्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही. शब्दांच्या इतिहासात दरवाजाला काय स्थान, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की कागदांवर हे लोक संख्या म्हणून येतात. त्या दरवाजावर त्यांना चेहरे आहेत.

या टप्प्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती टाळण्याचा मोह स्लाव लेखकांनाही झाला आहे. विकणारे सगळे परके नव्हते. बोहेमियाचे सरदार, कीव्हचे राजे, एकमेकांशी लढणाऱ्या टोळ्यांचे नायक यांनी आपल्याच भाषेतली माणसे पकडून विकली. पूर्वेकडच्या नद्यांवर हा व्यापार उत्तरेतून आलेल्या रूस सरदारांच्या हाती होता. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान 922 मध्ये व्होल्गाकाठी पोहोचला तेव्हा त्याने रूस व्यापाऱ्यांना गुलाम मुली विकताना पाहिले आणि तपशीलवार लिहून ठेवले. त्या व्यापाराची किंमत आजही जमिनीतून निघते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्स या शेतात 1999 मध्ये चांदीचा साठा सापडला, सुमारे 67 किलो, त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक अरबी दिऱ्हम. ती चांदी सगळी माणसांचीच किंमत होती असे म्हणता येणार नाही. कातडी, मेण, मध, अंबर हेही जात होते. पण माणूस हा त्यातला सर्वांत महाग माल होता.

सकालिबांच्या बाबतीत मात्र इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले, आणि त्याला मी या पुस्तकात पूर्ण प्रकरण दिले आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी कॉर्दोबाची खिलाफत मोडली तेव्हा राजवाड्यातल्या सकालिबांपैकी काहींनी स्वतःची राज्ये उभारली. अल्मेरियात खैरान, देनियात मुजाहिद. या मुजाहिदाने देनिया आणि बॅलिअरिक बेटांवर राज्य केले, आरमार बांधले आणि विद्वानांना आश्रय दिला. मुर्सियाचा अंध कोशकार इब्न सिदा त्याच्याच दरबारी होता. अरबी भाषेचे दोन प्रचंड कोश त्याच्या नावावर आहेत. ज्याच्या जमातीच्या नावाचा अर्थ बाजाराने बदलून टाकला, त्या माणसाच्या छायेत अरबी शब्दांचे अर्थ नोंदवले गेले. मराठी वाचकाला इथे मलिक अंबर आठवेल. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला आणि निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवणारा अंबर 1626 मध्ये वारला. देनिया आणि अंबरची खडकी यांत सहाशे वर्षांचे अंतर आहे. पण गुलाम सैनिकाला राज्यकर्ता होऊ देणारी व्यवस्था दोन्हीकडे एकाच मुशीतली होती.

बाप्तिस्मा हा या कथेतला निर्णायक धागा आहे. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला परधर्मीयाला विकू नये, असे चर्च पुन्हापुन्हा बजावत होते. त्यामुळे ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता ते ‘मोकळे’ राहिले. पोलंडने 966 मध्ये आणि कीव्हने 988 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, आणि पुढच्या दोन शतकांत ती वाट आटत गेली. पण शब्द तोवर पक्का झाला होता. जिथे पळवाट उरली तिथे व्यापारही उरला: बॉस्नियातल्या लोकांना पाखंडी ठरवले गेले होते, म्हणून त्यांना दुब्रोव्हनिकच्या बंदरातून विकणे चालू राहिले. त्या छोट्या प्रजासत्ताकाने 1416 मध्ये आपल्या नागरिकांना या व्यापाराची बंदी केली, हे त्याच्या इतिहासातले फार मोठे पान आहे.

व्हेनिसमध्ये हा शब्द दोन्ही अंगांनी अजून दिसतो. सेंट मार्क चौकातून बाहेर पडले की पाण्याकाठी जो रुंद धक्का लागतो त्याचे नाव रिव्हा देल्यी स्क्यावोनी, म्हणजे दाल्मेशियातल्या स्लाव खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा धक्का. ते स्वतंत्र, मानाचे लोक होते. त्यांच्या बंधुमंडळाच्या दालनात कार्पाच्योने चित्रे काढली. आणि त्याच शहरात ‘स्क्यावो’ म्हणजे गुलाम. व्हेनिसच्याच बोलीत निरोप घेताना ‘आपला दास’ या अर्थाने जे म्हणत त्याचे झिजून ‘चाओ’ झाले. आज ते जगभर हसत उच्चारले जाते. ‘सेर्वुस’ला जी गती मिळाली तीच त्याच्या वारसाला मिळाली.

चौदाव्या शतकात शब्द लोकांपासून सुटला. 1348 च्या प्लेगने इटलीतली माणसे मेली, घरकामाला हात मिळेनात, आणि फ्लॉरेन्सने 1363 मध्ये ख्रिस्ती नसलेले गुलाम आणण्यास परवानगी दिली. जिनोआच्या ताब्यातल्या क्राइमियातील काफ्फा बंदरातून ते येत. त्यांत तातार होते, चेर्केस होते, रूस होते. बहुतेक मुली, कित्येक अगदी कोवळ्या वयाच्या. दस्तलेखक प्रत्येकीचे वय, रंग, चेहऱ्यावरचे व्रण लिहीत आणि मूळ नावापुढे बाप्तिस्म्याचे नवे नाव घालत. या मुलींना ‘स्क्यावा’ म्हटले जाई, मग त्या स्लाव असोत की नसोत. शब्दाला आता कोणाचेही अंग चालत होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे थोडक्यात. ऑगस्ट 1444 मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात पश्चिम आफ्रिकेतून आणलेली 235 माणसे उतरवून वाटली गेली. त्याचे वर्णन इतिवृत्तकार झुराराने केले आहे. 1475 मध्ये ऑटोमनांनी काफ्फा जिंकले आणि इटलीचा पूर्वेकडचा पुरवठा तुटला. पुढच्या चारशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत चढवली गेली. त्यांतली सुमारे 1 कोटी 7 लाख जिवंत उतरली. आणि एल्बेकाठच्या लोकांचे नाव त्या सगळ्यांच्या कपाळी लागले. मला या विषयातला सर्वांत मोठा अन्याय इथे दिसतो, आणि तो दुहेरी आहे. आफ्रिकी माणसाचे स्वतःचे नाव गेले आणि त्याच्यावर जे लादले तेही दुसऱ्या कुणाकडून हिरावलेले होते.

त्या पोर्तुगीज ‘एस्क्राव्हो’चा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला. 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या सेवेत असलेला डच तरुण लिन्सखोतेन याने जुन्या गोव्यातल्या हमरस्त्यावरच्या सकाळच्या बाजाराचे वर्णन केले आहे. तिथे घोडे, दागिने आणि जिन्नस यांच्याबरोबर बायका-पुरुष गुलाम पुकारून विकले जात. पुकारून विकण्याला पोर्तुगीज शब्द ‘लैलांव’, आणि आपला ‘लिलाव’ त्यातूनच आला आहे. गोव्यातल्या गुलामांचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की ‘एस्क्राव्हो’ मराठीत रुजला नाही, ‘लिलाव’ मात्र रुजला.

रुजण्याची गरजही नव्हती, कारण आपल्याकडे त्या जागी शब्द होते. इथे मी या पुस्तकाच्या मुख्य विचाराशी येतो. अनेक भाषांत गुलामाचे नाव शेजाऱ्याच्या नावातून घडते. इंग्लंडमध्ये उतरलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी तिथल्या मूळ ब्रिटन लोकांना ‘वेआल्ह’ म्हणजे परका म्हटले. वेल्श हे नाव त्यातून आले, आणि जुन्या इंग्रजीत तोच ‘वेआल्ह’ गुलाम या अर्थीही वापरलेला आहे. ऋग्वेदात दास आणि दस्यु हे वैर असलेल्या लोकांचे उल्लेख आहेत. इराणी परंपरेतही त्याशी जुळणारे ‘दाह’ हे जमातीचे नाव आढळते. पुढच्या संस्कृतात दास म्हणजे गुलाम, आणि मनुस्मृती त्याचे सात प्रकार मोजते. कौटिल्याचे अर्थशास्त्र तर सांगते की आर्याला दास करता येत नाही. आणि दूर उत्तरेला फिनिश भाषेत गुलामाला काय म्हणतात? ‘ओर्या’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो शब्द ‘आर्य’ या नावावरूनच घेतलेला आहे. प्राचीन काळी गवताळ प्रदेशात आर्य म्हणवणारी काही माणसे फिनिश पूर्वजांच्या हाती कैदी म्हणून लागली असली पाहिजेत. ज्याला एका भाषेत दास होता येत नाही, तो दुसऱ्या भाषेत दासाचाच वाचक झाला. वंशाच्या श्रेष्ठत्वावर लिहिलेल्या जाड ग्रंथांपेक्षा हा एक फिनिश शब्द मला अधिक शिकवून गेला.

मग खुद्द स्लाव भाषा गुलामाला काय म्हणतात? स्वतःचे नाव त्या अर्थाने त्यांनी घेतले नाही. पोलिश ‘निएवोल्निक’ म्हणजे ज्याला स्वेच्छा नाही. रशियन ‘राब’; त्याच कुळातला ‘रोबोता’, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे, आपली वेठ. हाब्सबुर्ग साम्राज्यात ही वेठ 1848 मध्ये रद्द झाली, आणि 1920 च्या एका नाटकासाठी झेक लेखक कारेल चापेकने भावाच्या सूचनेवरून तिच्यापासून ‘रोबोट’ बनवला. या कुळाचे मूळ अनाथ मूल या अर्थात शोधले जाते. ग्रीक ‘ऑर्फानोस’ आणि आपला ‘अर्भक’ हे त्याचे दूरचे सोयरे. आसऱ्याविना उरलेले पोर दुसऱ्याच्या घरी राबते, ही त्या नात्यामागची कहाणी. अरबी ‘गुलाम’चाही पहिला अर्थ मुलगा असाच आहे. झेकमध्ये गुलामाला ‘ओत्रोक’ म्हणतात, आणि तोच शब्द स्लोव्हेनमध्ये मूल या अर्थी रोज घरोघर वापरला जातो. त्याची प्रचलित व्युत्पत्ती आहे: जो बोलत नाही, ज्याला बोलण्याचा अधिकार नाही. मला हा शब्द ‘स्लोव्हेने’च्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो. शब्दवाले म्हणून स्वतःला ओळखणाऱ्यांनी आपल्यातल्या दासाला निःशब्द म्हटले, आणि बाकीच्या युरोपने त्या शब्दवाल्यांच्या नावालाच दासाचा अर्थ दिला.

गुलामाचा शब्द स्लाव या नावावरून आला, या व्युत्पत्तीविरुद्धही बोलले गेले आहे. बायझंटाइन ग्रीकमध्ये लुटीचा माल मिळवणे या अर्थाचे ‘स्कुलेउओ’ हे क्रियापद आहे, आणि ‘स्क्लावे’ त्यातून आला असे काही जर्मन अभ्यासक मानतात. हा मुद्दा मी सविस्तर तपासला आहे. दहाव्या शतकातल्या व्यापाराचा पुरावा पाहता मला तो पटत नाही. पण त्यामागची अस्वस्थता मी समजू शकतो. अठराव्या शतकात गिबनने रोमच्या इतिहासात लिहिले की या लोकांचे नाव कीर्तीच्या अर्थावरून दास्याच्या अर्थाला उतरले, आणि त्यानंतर कित्येक स्लाव विद्वानांना ते वाक्य टोचत राहिले. विसाव्या शतकात ही टोच रक्ताची झाली. नाझी राजवटीने स्लावांना राबण्यापुरते लायक ठरवले, पोलंड आणि सोव्हिएत प्रदेशांतून लाखो माणसे वेठीला नेली, पोलिश कामगारांच्या छातीवर ‘पी’ आणि सोव्हिएत कामगारांच्या छातीवर ‘ओस्ट’ असे बिल्ले लावले. व्युत्पत्ती म्हणजे स्वभाववर्णन नव्हे, हे म्हणूनच इथे ठणकावून सांगतो. शब्दावरून कळते ते पकडणाऱ्यांबद्दल आणि विकत घेणाऱ्यांबद्दल. पकडलेल्यांच्या अंगच्या गुणाबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

मराठी वाचकापुढे हा विषय ठेवताना आपल्या घरातले शब्द बाजूला सारणे अप्रामाणिक होईल. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बटीक, लेकवळा, वेठबिगार हे शब्द आज शिवीत किंवा वाक्प्रचारात उरले आहेत, पण एकेकाळी त्यांच्यामागे माणसे उभी होती. कंपनी सरकारच्या 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामीला न्यायालयात मिळणारी मान्यता काढून घेतली. त्यानंतर तीस वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. या नावातला धारदारपणा आज पुष्कळदा नजरेआड होतो. बाजार, दस्त आणि किंमत नसतानाही माणसाला बांधून ठेवता येते, आणि तेही त्याच शब्दाने ओळखले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पश्चिमेत शब्द एका लोकसमूहावरून सुटून दुसऱ्यावर जाऊन बसला. फुल्यांनी तो उचलून ज्या व्यवस्थेने स्वतःला वेगळे, पवित्र नाव दिले होते तिच्यावर ठेवला. शब्दाचा असा जाणीवपूर्वक केलेला उपयोग या संबंध इतिहासात दुर्मीळ आहे. शेवटचे प्रकरण त्यावरच आहे.

लिप्यंतराबद्दल थोडे. ग्रीक, लॅटिन, अरबी आणि स्लाव नावे शक्य तितकी मूळ उच्चाराला धरून देवनागरीत लिहिली आहेत. जिथे मराठीत रूढ रूप आहे तिथे तेच ठेवले आहे. ‘स्लाव’ म्हणजे लोक आणि ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम, हा भेद सर्वत्र पाळला आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत दोन्ही अर्थांना एकच अक्षरे येतात, आणि फ्रेंचमध्ये तर ‘स्लाव्ह’ हे आजही स्लाव लोकांचेच विशेषण आहे. मूळ ग्रंथ चाळणाऱ्या विद्यार्थ्याची इथे फसगत होऊ शकते. दस्तांमधल्या माणसांचा उल्लेख करताना, जिथे मूळ नाव नोंदलेले आहे तिथे मी तेच आधी दिले आहे, बाप्तिस्म्याचे नाव नंतर. पहिल्या प्रकरणात प्रोकोपियसचे स्लाव आहेत: डॅन्यूबच्या दलदलीत राहणारे, राजा नसलेले, कोणाचेही दास नसलेले.